पिण्यायोग्य, पण कुणाला? पाणी तपासणीच्या सेवेला साडेतीन तारे

आधी दुपट्यांचं सांगते, सगळं तिथनं सुरू झालं.

कोल्हापुरात फुलेवाडी रिंगरोडला माझं पाळणाघर आहे. अकरा पोरं, त्यातली तीन वर्षाच्या आतली, बाटलीच्या दुधावरची. घराला नळ आहे, बोअरही आहे, दोन्हीचं पाणी वरच्या एकाच टाकीत पडतं आणि आजवर त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. मलाही नाही. मार्चमध्ये पोटं बिघडायची साथ होती म्हणून दुपटी भिजवायच्या बादलीत मी मेडिक्लोरचे, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या औषधाचे, थेंब टाकायला लागले. चौथ्या दिवशी मावशी पिळलेलं दुपटं घेऊन माझ्यापुढं उभ्या. "ताई, ह्ये पाणी डाग सोडालंय." पांढऱ्या सुती दुपट्यावर कोरा चहा सांडून धुतल्यासारखी झाक. संडासातल्या फ्लशच्या टाकीचं झाकण काढून बघितलं तर आत काळा बुळबुळीत थर, बोट फिरवलं की काजळासारखा निघतोय.

राजाराम कॉलेजात केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं त्याला तीस वर्षं झाली, पण एवढं अजून डोक्यात होतं: लोह असतं तर डाग तांबूस पडला असता, काळपट म्हणजे मँगनीज. बोअरच्या तळात हवा पोचत नाही, तिथं ते पाण्यात विरघळून असतं आणि पाणी काचेसारखं दिसतं. वर येऊन हवा लागली, त्यात क्लोरीन पडलं, की काळं होऊन बसतं. आणि हेच पाणी मी उकळून, गाळून, तीन बाळांच्या दुधाच्या पावडरीत घालत होते. उकळल्यानं जंतू मरतात. धातू कुठं जाणार? वाफ निघून जाते तेवढा तो उलट दाटच होतो.

त्याच आठवड्यात दारात आरओवाला आला. त्याचा खेळ तुम्ही पाहिला असेल: दोन ग्लास, एकात आपलं पाणी, एकात त्याच्या मशीनचं, दोन्हींत सळ्या बुडवायच्या आणि वीज सोडायची. दोन मिनिटांत आमचा ग्लास गढूळ तपकिरी, वर फेस. "बघा मॅडम, पोरांना हे पाजताय." मी आत गेले, चिमूटभर मीठ आणलं आणि त्याच्या मशीनच्या पाण्यात टाकलं. म्हटलं, आता लावा. तोही ग्लास तपकिरी! तो गाळ पाण्यातला नसतोच, सळीचं लोखंडच झिजून पाण्यात उतरतं. पाण्यात क्षार नसले तर वीज वाहत नाही, सळी झिजत नाही, म्हणून त्याचं पाणी स्वच्छ. मग त्यानं टीडीएसचं पेन काढलं. ४१०. हे पेन सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतं. लिटरमागं ४१० मिलिग्रॅमच्या त्या ढिगाऱ्यात मँगनीजचं ०.२ मिलिग्रॅम त्याला काय दिसणार? शिवाय टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथं आरओला मनाई करा, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ साली केंद्राला सांगितलं होतं. हे मी त्याला सांगितल्यावर तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही टीचर हाय काय?" चहा घेऊन गेला बिचारा.

आता मुख्य परीक्षण. मी गेले ती खासगी पाणी तपासणी प्रयोगशाळा शहरातलीच, एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर. नाव लिहीत नाही. त्यांच्याकडून चुका झाल्या, त्या त्यांनी निस्तरल्याही, आणि निस्तरलेल्या चुकांसाठी कुणाला बोर्डावर टांगणं मला पटत नाही. तुम्ही दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत गेलात तरी पुढचं कामी येईल. आणि साधी तपासणी करायची असेल तर आधी सरकारी प्रयोगशाळेत जा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, शुल्क नाममात्र. मला त्यापलीकडचं काही हवं होतं, ते पुढं येईलच.

फोनवर बाईंनी विचारलं, "साधं पॅकेज करू का?" साधं म्हणजे १,४०० रुपये: पीएच, गढूळपणा, टीडीएस, जडपणा, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट, फ्लोराइड, लोह आणि कोलीफॉर्म जंतू. यात मँगनीज नाही. शिसं नाही, आर्सेनिक नाही. ते प्रत्येकी ३५०. कीटकनाशकांचा संच ६,८००, आणि तो नमुना पुण्याला जातो. वर १८ टक्के जीएसटी. दर ऐकूनच निम्मे लोक साध्या पॅकेजवर येत असणार, आणि ज्याची शंका येऊन फोन केला तेच त्या पॅकेजात नसणार. म्हणून "काय काय तपासता?" हा प्रश्न आधी. "किती पैसे?" नंतर.

नमुना न्यायला एक पोरगा आला, विशीतला, पाठीवर सॅक, हातात थर्माकोलचा बर्फाचा डबा. काम त्यानं चांगलं केलं. आधी बोअर दहा मिनिटं सोडून दिला, पाइपमधलं शिळं पाणी जाऊ दे म्हणाला. तीन तऱ्हेच्या बाटल्या. धातूंच्या बाटलीत तळाला आम्लाचे थेंब, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतात आणि आकडा कमी येतो. जंतूंच्या बाटलीत चिमूटभर पांढरी भुकटी होती. मावशी म्हणाल्या, "घाण हाय आत, इसळून देऊ?" आणि नळाखाली धरणार एवढ्यात पोरगा ओरडला. ते सोडियम थायोसल्फेट असतं, पाण्यातलं क्लोरीन तिथल्या तिथं निष्प्रभ करतं. ते धुऊन टाकलं असतं तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत क्लोरीननं उरलेसुरले जंतू मारले असते आणि पाणी आहे त्यापेक्षा सोवळं दिसलं असतं. मग नळाचं तोंड निर्जंतुक करायचं म्हणून त्यानं खिशातनं लायटर काढला आणि स्वयंपाकघरातल्या नळाला लावला. नळ प्लॅस्टिकचा. तोंड वाकडं झालं, अजून वाकडंच आहे, पाणी डावीकडं उडतं. नंतर बापड्यानं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं.

रिपोर्ट सहा दिवसांत म्हणाले होते. तेराव्या दिवशी आला, तोही मी तीन फोन केल्यावर. तीन पानं, सगळी इंग्रजीत, आणि शेवटी जाड अक्षरात निकाल: नमुना पिण्यायोग्य.

पहिल्यांदा कोलीफॉर्मची ओळ बघितली, आणि तुम्हीही तीच बघा. १०० मिलीत आढळले नाहीत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांनी कळशी घेऊन टँकरपुढं रांग लावली त्यांना रसायनांआधी जंतू का, हे सांगायला नको. ती काळजी मिटली. मग मँगनीज: ०.१८ मिलिग्रॅम प्रतिलिटर. शेजारच्या रकान्यात मर्यादा ०.३. शेरा: योग्य.

इथं मी थांबले. भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये मँगनीजला एक नाही, दोन आकडे आहेत. ०.१ हा स्वीकारार्ह. ०.३ हा पाण्याचा दुसरा स्रोतच नसेल तर चालवून घ्यायचा. प्रयोगशाळेनं फक्त दुसरा छापला होता. पहिला छापला असता तर माझं पाणी त्याच्या जवळजवळ दुप्पट निघालं असतं आणि "योग्य" हा शब्द लिहिताना हात जरा अडखळला असता.

फोन केला. रिपोर्ट विभागातल्या पोरानं उचलला.

"मॅडम, पोटॅबल आहे. पिण्यायोग्य."

"कुणाला?"

"म्हणजे?"

"माझ्याकडं चार किलो आठशे ग्रॅमचा एक माणूस आहे. त्याला पोटॅबल आहे का?"

पलीकडं शांतता. मग, "सरांना देतो."

हिशेब साधा आहे. ते बाळ दिवसाला साधारण ७२० मिली दूध पितं, म्हणजे किलोमागं दीडशे मिली. मी ६२ किलोची, अडीच लिटर पाणी पिते, म्हणजे किलोमागं चाळीस. एकाच टाकीतनं त्याच्या अंगात माझ्या जवळपास चौपट जातं. त्यातनं तान्ह्या पोराचं आतडं मँगनीज जास्त ओढून घेतं आणि त्याचं यकृत ते बाहेर टाकायला अजून शिकलेलं नसतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये बाटलीवरची बाळं समोर ठेवून ०.०८ हा तात्पुरता आकडा दिला. त्यांचाच जुना आकडा ०.४ होता. कॅनडानं २०१९ मध्ये ०.१२ ठरवला. अमेरिकेची गंमत वेगळीच. तिथं मँगनीजला कायद्याची आरोग्य-मर्यादाच नाही. तिथल्या पर्यावरण संस्थेनं, ईपीएनं, २००४ मध्ये एक आरोग्य सल्ला काढला: जन्मभर पिण्यासाठी ०.३, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर दहा दिवसही त्याच्या वर देऊ नका. पण कपड्यांवर डाग पडू नयेत, चव बिघडू नये म्हणून वेगळा आकडा आहे, तो ०.०५. म्हणजे दुपट्यासाठी ०.०५ आणि दुपट्यातल्या बाळासाठी ०.३. माझ्या घरातलं सगळ्यात तिखट यंत्र मावशींची बादली ठरली ती अशी.

हा "आरोग्य सल्ला" प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे. कायद्याच्या यादीत जी रसायनं असतात त्यांची मर्यादा ओलांडली की पाणी पुरवणाऱ्याला जाब द्यावा लागतो. यादीत नसलेल्या रसायनांनी पाण्यात यायचं थोडंच थांबवलंय! त्यांच्यासाठी ईपीए सल्ल्याचे आकडे काढते: एक दिवस प्यायलं तर किती, दहा दिवस प्यायलं तर किती, जन्मभर प्यायलं तर किती. एक दिवसाचा आणि दहा दिवसांचा आकडा दहा किलोचं पोर दिवसाला एक लिटर पितं असं धरून काढतात. जन्मभराचे जुने आकडे काढताना ७० किलोचा माणूस आणि दोन लिटर पाणी धरलंय. पाळला नाही म्हणून कुणावर खटला होत नाही. घरात थोरली आत्या सांगते ना, "बाळंतिणीला हे देऊ नका", तितपतच त्याचा अधिकार. पण आत्या बहुतेक वेळा बरोबर असते.

प्रयोगशाळेचे सर भले माणूस निघाले. फोनवर ऐकून घेतलं, या म्हणाले, समोर बसवून चाळीस मिनिटं दिली. दोन्ही रकाने घालून रिपोर्ट नवा काढून द्यायचं कबूल केलं. त्या बैठकीतच मी दुसरी गोष्ट काढली, जी मला आदल्या रात्री दिसली होती. शिसं: "०.०५ पेक्षा कमी", शेरा योग्य. आणि मर्यादा किती? ०.०१. म्हणजे त्यांच्या यंत्राला ०.०५ च्या खालचं दिसतच नाही, आणि मानक विचारतंय ०.०१ च्या वर आहे का. ०.०४ असतं तरी हाच शेरा आला असता. चाळिशी न लावता वहीतल्या चुका शोधल्या आणि सापडल्या नाहीत म्हणून पैकीच्या पैकी दिले, तसं. सरांनी रिपोर्ट दोनदा वाचला, चष्मा काढला, म्हणाले, "हे जायला नको होतं." नमुना जास्त बारीक बघणाऱ्या यंत्रावर परत लावला, पैसे घेतले नाहीत. ०.००५ पेक्षा कमी. आता ते "कमी" खरं.

तुमच्या रिपोर्टात "आढळले नाही" दिसलं तर कितीपर्यंत शोधलं तो आकडा बघा. तो मर्यादेपेक्षा मोठा असेल तर ती ओळ नसल्यासारखीच. आणि एनएबीएलचा, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचा, शिक्का वर असला तरी मान्यता एकेका तपासणीपुरती असते. कुठला घटक मान्यतेच्या बाहेरचा ते विचारून घ्या.

सरांनी तिथंच नुसत्या नळाच्या पाण्याचाही मँगनीजसाठी वेगळा नमुना सुचवला. ३५० रुपये. निकाल ०.०२ पेक्षा कमी. म्हणजे दोष बोअरचा, आणि आम्ही तो टाकीत कालवून सगळ्या घराला वाटत होतो.

यापलीकडचं हवं होतं म्हणाले होते, ते माहेरचं. माझं माहेर बीडशेडकडचं, भावाचा ऊस आहे. रानात जुनी मोटेची विहीर, भांगलायला येणाऱ्या बायका आणि तो स्वतः तिचंच पाणी पितात. आषाढात आडसाली लागण झाली की चार दिवसांत तो मेट्रिब्युझीन मारतो. हे तणनाशक पाण्यात चांगलं विरघळतं, वरनं पाऊस, आणि विहीर बांधाला लागून. मी म्हटलं, एकदा बघूच. जुलैच्या शेवटी त्याच पोराला घेऊन गेले. या वेळी काळसर काचेची बाटली, उजेडानं औषध फुटू नये म्हणून.

कीटकनाशकांच्या संचात १८ नावं. मेट्रिब्युझीन नाही.

"यादीत नाही मॅडम," बाई म्हणाल्या. "आयएसच्या यादीत जे आहे तेच करतो."

यादी मी वाचली. डीडीटी आहे, ॲल्ड्रिन आहे. एंडोसल्फान आहे, ज्याच्यावर सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली बंदी आणली. ही नावं असावीतच, मातीत ती वर्षानुवर्षं राहतात. पण माझा भाऊ या आषाढात दुकानातनं जे आणून मारतो ते नाही. १,५०० रुपये जादा भरून पुण्याच्या प्रयोगशाळेकडून ते एक नाव वाढवून घेतलं. सांगितलं तर वाढवतात, विचारायचं आपण.

अठरा नावांत एकही सापडलं नाही, आणि या वेळी कितीपर्यंत शोधलं तेही मी बघितलं. मेट्रिब्युझीन सापडलं: लिटरमागं १.४ मायक्रोग्रॅम. पुढं मर्यादेचा रकाना रिकामा, शेरा रिकामा. आडवी रेघ. ती रेघ बघत मी बराच वेळ बसले होते, कारण रिपोर्टमधली सगळ्यात खरी ओळ तीच होती.

रिकाम्या रकान्यात काय भरायचं ते आपणच बघायचं. ईपीएच्या आरोग्य सल्ल्यात मेट्रिब्युझीनला जन्मभरासाठी ७० मायक्रोग्रॅम आहे. हा आकडा कुठनं येतो ते दुधाच्या बिलाच्या पाठीमागं मांडून बघितलं. शरीराला रोज सोसेल असं धरलेलं प्रमाण किलोमागं ०.०१ मिलिग्रॅम. गुणिले ७० किलो, ०.७. भागिले दोन लिटर, ०.३५. आता सगळं विष काही पाण्यातनंच येत नाही, भाजीतनं, धान्यातनंही येणार, म्हणून पाण्याच्या वाट्याला फक्त २० टक्के. ०.०७ मिलिग्रॅम. झाले ७० मायक्रोग्रॅम. गणित पाचवीचं, पण त्यातला सत्तर किलोचा, दोन लिटर पिणारा माणूस आमच्या रानात कुठाय? भांगलणीची बाई ५५ किलोची, आणि ऊन पडलं की उसाच्या सरीत पाच लिटर पाणी तिला सहज लागतं. तिचा आकडा मांडला: ०.५५ भागिले पाच, ०.११, त्याचे २० टक्के, २२ मायक्रोग्रॅम. तिची मर्यादा तिसऱ्या हिश्श्यावर आली. विहिरीतले १.४ तरीही त्याच्या पंधरा पट खाली.

भाऊ कट्ट्यावर बसून ऐकत होता. "आमी फवारालोय आन् तू गणितं मांडालीस व्हय? प्यायचं का न्हाई त्ये सांग की."

आता काय सांगावं? अमेरिकेच्या सल्ल्यानं बघितलं तर पन्नासावा हिस्सा, खुशाल पी. युरोपात पिण्याच्या पाण्यात कुठल्याही एका कीटकनाशकाला ०.१ मायक्रोग्रॅमच्या वर परवानगी नाही, तिथं हीच विहीर चौदा पट नापास. युरोपचा आकडा कुणाला किती बाधेल या हिशेबातनं आलेला नाही. औषध पाण्यात नकोच, एवढंच त्याचं म्हणणं. आपल्याकडंही बाटलीबंद पाण्याला एकेका कीटकनाशकासाठी ०.१ चीच अट आहे, म्हणजे विकत घ्यायच्या पाण्यासाठी आपण युरोपवाले आणि विहिरीवर कोणीच नाही. ॲट्राझिनचं तर आणखी नवल: आपलं मानक २ मायक्रोग्रॅम, अमेरिकेचा कायदा ३, जागतिक आरोग्य संघटना १००. रसायन एकच.

मी भावाला म्हटलं, पी. पण पंप कुठं धुतोस? त्यानं विहिरीच्या थारोळ्याकडं बोट केलं. मोट पडायची ते थारोळं, त्याचं पाणी झिरपून परत विहिरीतच. म्हटलं, पंप आधी तिथनं हलव, मग माझी गणितं बघ. आता खालच्या बांधाला धुतो. निदान मी असते तेव्हा तरी.

सरांना मी पीफासचंही विचारलं होतं. तव्यावर न चिकटणारा थर, रेनकोट, आग विझवायचा फेस यांत वापरलेली ती निसर्गात न मोडणारी रसायनं. ते हसले. "त्याचं मशीन आमच्याकडं नाही." पण सल्ल्याचा आकडा काळाबरोबर कसा हलतो हे बघायला यासारखं उदाहरण नाही, म्हणून सांगते. त्यातल्या पीएफओएला ईपीएनं २००९ मध्ये लिटरमागं ४०० नॅनोग्रॅम म्हटलं. २०१६ मध्ये पीएफओए आणि त्याचा भाऊ पीएफओएस दोन्ही मिळून ७०. जून २०२२ मध्ये एकट्या पीएफओएला ०.००४. राधानगरी धरण भरलं की ८.३६ टीएमसी. सातही स्वयंचलित दरवाजे बंद आहेत आणि काठोकाठ पाणी आहे असं समजा. २०१६ च्या हिशेबानं त्यात साडेसोळा किलो चाललं असतं. २०२२ च्या हिशेबानं एक ग्रॅमसुद्धा नाही. आणि ०.००४ मोजेल असं यंत्र तपासणीच्या कामात तिथल्या प्रयोगशाळांकडंही नव्हतं. २०२४ मध्ये कायदा आला तेव्हा मर्यादा ठेवली ४, कारण खात्रीनं मोजता येतं ते तेवढंच. मी माझ्या बोअरपुरता तो विषय सोडून दिला. सगळ्याच गोष्टींची काळजी करायला लागले तर पोरांना खिमट कोण भरवणार?

घरी केलं ते एवढंच: प्लंबर बोलावून नळाचं पाणी टाकीत कालवायचं बंद केलं, स्वयंपाकघरापुरती २०० लिटरची वेगळी टाकी बसवली. टाकी, पाइप, मजुरी धरून ४,१०० रुपये. बोअर आता फक्त धुण्याला आणि फरशीला. आरओ नाही घेतला.

त्याआधी तिन्ही आयांना बोलावून दोन्ही रिपोर्ट पुढं ठेवले. एकीनं विचारलं, "इतके महिने पाजलं त्याचं काय?" त्याचं उत्तर प्रयोगशाळेच्या कुठल्या रकान्यात नव्हतं आणि माझ्याकडंही नव्हतं. तिघींनाही आपापल्या बालरोगतज्ज्ञांकडं जायला सांगितलं, फी मी दिली. दोघींची पोरं अजून येतात. तिसरीचं येत नाही. ते चार किलो आठशेवालं.

एकूण बिल जीएसटीसकट १३,०९८ रुपये. यातला विहिरीचा वाटा भाऊ उसाचं बिल आल्यावर देणार आहे, म्हणजे बघू. तारे साडेतीन. एक तारा त्या एका रकान्यासाठी आणि शिशासाठी कापला, अर्धा तेरा दिवसांसाठी. सरांनी चष्मा काढून चूक मान्य केली नसती तर दोनच दिले असते. रिपोर्ट मराठीत मागितला तर "सॉफ्टवेअरमध्ये नाही" म्हणाले, त्याचे गुण कापले नाहीत, पण लक्षात ठेवलंय.

पुढचा नमुना मे महिन्यात, बोअरची पातळी तळाला गेल्यावर. पोराचा नंबर माझ्याकडं आहे. त्याला आत्ताच सांगून ठेवलंय, नवीन टाकीचा नळही प्लॅस्टिकचाच आहे, लायटर घरी ठेवून ये.